दृष्टांत आणि दैनंदिन जीवन : वऱ्हाडातील ख्रिस्ती बोधपरंपरेचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारातून आध्यात्मिक बोध काढणे हे ख्रिस्ती उपदेशाचे मूळचे स्वरूप आहे. पेरणी, पीठ, दिवा, विहीर, मजुरी, वाटणी अशा साध्या गोष्टींतून येशू ख्रिस्ताने आपली शिकवण मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दृष्टांत वऱ्हाडात, म्हणजे मुख्यत्वे आजच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या परिसरात पोहोचले, तेव्हा त्यांना तेथील शेती, कुटुंबव्यवस्था, जातिव्यवस्था आणि दुष्काळ यांना सामोरे जावे लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या भेटीचा ऐतिहासिक विचार केला आहे. परक्या भूमीतील दृष्टांत वऱ्हाडच्या जीवनाशी कोठे जुळला, कोठे अडखळला आणि त्याची खरी कसोटी कशात होती, हे तपासणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

बीजशब्द : वऱ्हाड, दृष्टांत, ख्रिस्ती मिशन, दुष्काळ, वऱ्हाडी बोली, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासलेखनात मुंबई, पुणे, वसई आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या प्रदेशांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने वऱ्हाडाचा उल्लेख अल्प येतो. जो येतो तो बहुधा शाळा, दवाखाने व अनाथालये यांच्या नोंदीपुरता असतो. ख्रिस्ती विचार या प्रदेशातील माणसाच्या रोजच्या जगण्याशी कोणत्या भाषेत बोलला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न महत्त्वाचा असण्याचे कारण असे की, धर्माची तत्त्वे ग्रंथात राहतात. लोकांपर्यंत पोहोचतो तो दृष्टांत. दृष्टांत ऐकणाऱ्याला आपले शेत, आपली चूल, आपले अंगण त्यात ओळखू आले पाहिजे. ते ओळखू आले नाही तर उपदेश कितीही उदात्त असला तरी परका राहतो. वऱ्हाडातील ख्रिस्ती बोधपरंपरेचे यशापयश या दृष्टीने पाहिले असता धर्मांतराच्या आकडेवारीपेक्षा निराळे चित्र समोर येते.

या अभ्यासात साधनांची एक मर्यादा आरंभीच ध्यानी घ्यावी लागते. मिशनऱ्यांचे अहवाल व पत्रे ही बहुतांशी परदेशातील देणगीदारांसाठी लिहिलेली आहेत. त्यांत सेवा करणाऱ्याचा आवाज मोठा आणि सेवा घेणाऱ्याचा आवाज क्षीण आहे. त्यामुळे त्यांच्या जोडीला शासकीय नोंदी, भाषिक सर्वेक्षण आणि मराठी ख्रिस्ती लेखकांचे स्वतःचे लेखन यांचा विचार करणे आवश्यक ठरते.

२. वऱ्हाड : दृष्टांताची जुनी भूमी

रोजच्या जीवनातून अध्यात्म सांगण्याची रीत वऱ्हाडात ख्रिस्ती उपदेशकांनी आणली असे म्हणता येत नाही. ती येथे तेराव्या शतकापासून रुजलेली होती. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथेच होते. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्रा'ची रचना येथेच केली. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त संकलित केले. त्यांची संख्या ११४ आहे. प्रत्येक दृष्टांताची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे. प्रथम तत्त्व, मग लोकव्यवहारातील गोष्ट आणि शेवटी त्या गोष्टीचा तत्त्वाशी असलेला संबंध, असा हा क्रम आहे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याची सर्वपरिचित कथा याच ग्रंथात आढळते.

महानुभावांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला. शास्त्र न जाणणाऱ्या सामान्य स्त्रियाही ज्ञानाला पारख्या होऊ नयेत, ही नागदेवाचार्यांची त्यामागील भूमिका प्रसिद्ध आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागे हीच परंपरा आहे.

येथे एक काळजी घेणे जरूर आहे. 'दृष्टांतपाठ' आणि शुभवर्तमानांतील बोधकथा यांच्यात प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा संबंध जोडता येत नाही. महानुभावांचे ग्रंथ दीर्घकाळ सांकेतिक लिपीत बंदिस्त होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभानंतरच ते अभ्यासकांसमोर आले. म्हणजे एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात आलेल्या मिशनऱ्यांना त्यांचा परिचय असण्याची शक्यता फार थोडी होती. तथापि ऐकणारा समाज मात्र दृष्टांताने शिकण्यास सरावलेला होता. कीर्तन, प्रवचन, ओवी आणि म्हण या मार्गांनी तो शेकडो वर्षे हेच करीत आला होता. मराठी बायबलमध्ये येशूच्या बोधकथांसाठी 'दृष्टांत' हाच शब्द रूढ व्हावा, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

३. मिशनकार्याचे आगमन

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. कापूस, लोहमार्ग आणि नव्या बाजारपेठा यांच्या वाटेनेच मिशनकार्यही आले. त्याचे तीन प्रवाह प्रामुख्याने दिसतात.

पहिला प्रवाह अकोल्याचा. अमेरिकेतील ए. बी. सिम्प्सन (१८४३-१९१९) यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला हे आपल्या वऱ्हाडातील कार्याचे केंद्र केले. फुलर दांपत्य हे या केंद्राचे आरंभीचे कार्यकर्ते होत. पुढे खामगाव, मूर्तिजापूर, अमरावती अशा ठिकाणी हे कार्य पसरले.

दुसरा प्रवाह मेळघाटाचा. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशनने सातपुड्यातील कोरकू समाजात काम आरंभिले. या समाजाची भाषा मराठीहून सर्वथा भिन्न, मुंडा कुलातील आहे. लोकांच्या जगण्याशी बोलावयाचे तर त्यांची भाषा आधी शिकली पाहिजे, हे येथे अटळ होते. जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरा प्रवाह कॅथलिक. सेंट फ्रान्सिस द सेल्स (१५६७-१६२२) यांच्या नावाने १८३८ मध्ये फ्रान्समधील आन्सी परिसरात स्थापन झालेल्या धर्मसंघाचे सदस्य १८४० च्या दशकात भारतात आले. नागपूर व पुढे वऱ्हाड हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत आणि १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे याच संघाचे होते. या संघाच्या आश्रयदात्या संताचे भक्तिजीवनावरील प्रसिद्ध पुस्तक सतराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. भक्ती ही मठवासीयांपुरती मर्यादित नसून सैनिकाच्या तळावर, कारागिराच्या दुकानात आणि प्रपंचात राहूनही ती साधता येते, हा त्याचा मुख्य विचार. वऱ्हाडच्या वारकरी संस्कारात वाढलेल्या माणसाला हा विचार अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

४. परक्या शेतातील पेरणी

शुभवर्तमानांतील दृष्टांत गालील प्रांतातील शेतकरी, मेंढपाळ आणि कोळी यांच्या जीवनातून आले आहेत. ते वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर उतरताना काय घडते, हे दोन-तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

पेरणाऱ्याचा दृष्टांत सर्वांत प्रसिद्ध आहे. पेरणारा बी टाकतो. काही वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. या कथेचा सारा अर्थ बी हाताने विखरून पेरण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. वऱ्हाडचा शेतकरी मात्र ज्वारी तिफणीने पेरतो. चाड्यात मूठ धरून सोडलेले बी नळ्यांतून थेट तासात उतरते. कापसाची सरकी शेणमातीत चोळून मोकळी केली जाते आणि औताच्या मागे चालणाऱ्या स्त्रिया ती सरत्यातून सोडतात. अशा पेरणीत बी वाटेवर पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. उलट असे बी सांडणारा माणूस येथे निष्काळजी ठरतो. म्हणजे वऱ्हाडी श्रोत्याच्या मनात पहिला प्रश्न जमिनीविषयी नसून पेरणाऱ्याविषयी उभा राहण्याची शक्यता अधिक. बी इतके उधळून टाकणारा हा पेरणारा कोण, असा तो प्रश्न आहे. आणि गंमत अशी की, योग्य-अयोग्य न पाहता सर्वांवर कृपा करणाऱ्या देवाची कल्पना मांडण्यास हाच प्रश्न अधिक उपयोगी पडतो. दृष्टांताचे परकेपण असे कधीकधी नव्या अर्थाला वाट देते.

खमिराच्या दृष्टांताची स्थिती निराळी आहे. स्त्रीने पिठाच्या मोठ्या राशीत थोडे खमीर मिसळले आणि सारे पीठ फुगले, ही कथा पाव खाणाऱ्या समाजाची. ज्वारीच्या भाकरीला खमीर लागत नाही. वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात या कल्पनेच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे विरजण. चमचाभर ताकाने भांडेभर दूध रात्रीतून बदलते, हा अनुभव घरोघरचा आहे. शब्दशः भाषांतर येथे दृष्टांताला मदत करीत नाही. घरातील वस्तू शोधावी लागते.

विहिरीवरील प्रसंगाचे मात्र भाषांतर करावेच लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तहानलेला येशू शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो आणि एका समाजाने दुसऱ्याच्या हातचे पाणी घेऊ नये या रूढीमुळे ती चकित होते. पाणवठ्यावरून माणसाची जात ठरणाऱ्या वऱ्हाडातील प्रत्येक गावाला ही कथा आपलीच वाटावी अशी होती. ती ऐकणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरत : कथा मान्य करून पाणवठा मोकळा करावयाचा किंवा कथा केवळ ऐकून सोडून द्यावयाची. रोजच्या जीवनातून काढलेला बोध रोजच्या जीवनालाच प्रश्न विचारतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

५. उधळ्या पुत्राची वऱ्हाडी

वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकांना परिचित असलेली, परंतु धर्मेतिहासात क्वचितच विचारात घेतली गेलेली एक घटना येथे नोंदविली पाहिजे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मराठीचा आहे. या सर्वेक्षणात प्रत्येक भाषेचा व बोलीचा नमुना म्हणून एकच मजकूर भाषांतरित करून घेण्यात आला. तो मजकूर म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. त्यात तिन्ही पुरुषी सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदांचे तिन्ही काळ येतात, म्हणून तो निवडला होता. हेतू भाषाशास्त्रीय होता, धर्मप्रसाराचा नव्हता. नमुने स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत गोळा करण्यात आले होते.

परिणाम असा की, वऱ्हाडी बोलीच्या आरंभीच्या पद्धतशीर छापील नमुन्यांत एका ख्रिस्ती दृष्टांताला स्थान मिळाले. 'ला' ऐवजी 'ले', 'ण' ऐवजी 'न', 'ळ' ऐवजी 'य' अशा उच्चारांची ही बोली. प्रमाण मराठीने तिला ग्रंथात बसू दिले नव्हते. ग्रांथिक प्रतिष्ठेच्या बाहेर राहिलेल्या या बोलीत बाप, दोन मुलगे, वाटणी, भूक आणि घरी परतणे यांची कथा सांगितली गेली. कोरकूसारख्या भाषांसाठीही सर्वेक्षणाची पद्धत हीच होती.

या दृष्टांताचा आशय वऱ्हाडी कुटुंबाला किती जवळचा आहे, हे पाहण्यासारखे आहे. धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटणी मागतो. मिताक्षरा परंपरेत वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा जन्मसिद्ध हक्क मानला जात असल्याने ही मागणी येथे ऐकिवात नसलेली नव्हती. तिच्यातील अधिकारही श्रोत्याला कळत होता आणि तिचे दुःखही. मुलगा परमुलखात पैसा उडवितो, तेथे दुष्काळ पडतो, डुकरे राखण्याची वेळ येते. हे काम येथे जातीशी जोडलेले असल्याने त्याच्या पतनाचा अर्थ वऱ्हाडी श्रोत्याला अधिकच बोचरा वाटला असणार. शेवटी तो परततो आणि बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो. मागे उरतो तो शेतात राबणारा थोरला मुलगा. त्याने कधी घर सोडले नाही, म्हणून त्याच्यासाठी कधी मेजवानीही झाली नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाही श्रोत्याला या थोरल्याचा राग समजतो. दृष्टांत त्या रागाला उत्तर न देता थांबतो आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवितो.

या कथेतील दुष्काळ वऱ्हाडाला दूरचा राहिला नव्हता. सर्वेक्षणाचे काम चालू असलेल्या काळातच या प्रदेशाने दोन दुष्काळ भोगले.

६. दुष्काळ : दृष्टांताची कसोटी

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी वऱ्हाडची घडी विस्कटली. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ झाली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी सुमारे ५ टक्के घट झाली. कापसाच्या लागवडीचा विस्तार, सारा, कर्ज आणि धान्याचे वाढते भाव यांनी दुष्काळाची तीव्रता कशी वाढविली, याचे विवेचन लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ या विषयावरील आपल्या ग्रंथात (१९९७) केले आहे. ज्या लोहमार्गाने कापूस बाहेर गेला त्याच मार्गाने मदतही आली. १९०० मध्ये अमेरिकेतील ख्रिस्ती वाचकांच्या वर्गणीतून सुमारे २ लाख बुशेल मका घेऊन 'क्विटो' हे जहाज भारताकडे निघाले. मिशनांनी अनाथालये उघडली. वऱ्हाडात अकोला व खामगाव ही अशा कार्याची ठिकाणे होती.

येथे ख्रिस्ती बोधपरंपरेसमोर तिचा सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला. भुकेल्याला अन्न देणे ही शुभवर्तमानाची थेट आज्ञा. अन्न देणारा मात्र त्याच वेळी धर्माचा प्रसारकही होता. पोटासाठी धर्म बदलला, ही टीका दुष्काळानंतर सर्वत्र ऐकू आली. ती केवळ द्वेषातून आली असे म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या हाती भाकर आहे आणि ज्याच्या पोटात भूक आहे, त्यांच्यातील संमती समान पातळीवरची नसते. मूल अनाथ असेल तर संमतीचा प्रश्न अधिकच अवघड होतो. दुसऱ्या बाजूने, ही मुले उचलली गेली नसती तर त्यांतील कितीतरी दगावली असती, हेही तितकेच खरे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला यांपैकी एकच बाजू निवडण्याची मुभा नाही.

या प्रश्नावर विचार करताना पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतःचे आई, वडील व बहीण गमावली होती. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतातील दुष्काळी भागात गेल्या आणि निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. शारदासदनातील ख्रिस्ती प्रभावावरून १८९३ मध्ये पुण्यातील सल्लागार मंडळाने त्यांच्याशी संबंध तोडला होता. म्हणजे धर्म आणि सेवा यांच्या सरमिसळीवरील आक्षेप त्यांना चांगलाच ठाऊक होता. तरीही त्यांच्या कार्याचे मूल्य ठरविताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्यांनी आणलेल्या मुली केवळ जगविल्या गेल्या नाहीत. त्यांना अक्षरओळख, शेती, विणकाम आणि छपाई शिकविली गेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले सोप्या मराठीतील बायबल मुक्तिसदनाच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांच्या हातांनी जुळविले व छापले गेले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी पेरणीचे आणि भाकरीचे दृष्टांत खिळ्यांनी जुळवावेत, हे दृश्य कोणत्याही प्रवचनापेक्षा बोलके आहे.

यावरून एक निकष हाती येतो. दुष्काळात दिलेली भाकर हे आमिष होते की दृष्टांत, हे भाकर देतानाच्या शब्दांवरून ठरत नाही. दुष्काळ सरल्यावर ती खाणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे राहून स्वतःच्या भाषेत बोलता आले काय, यावरून ते ठरते.

७. घर, चूल आणि पाणी : पाहण्याच्या दोन पद्धती

अकोल्याच्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांवरील अन्यायाविषयीचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. बालविवाह, वैधव्य, देवाला वाहिलेल्या मुली यांची स्थिती त्यात मांडली आहे. त्यातील बरेचसे वास्तव नाकारण्यासारखे नाही. समाजसुधारकांनीही तेच प्रश्न उपस्थित केले होते. परंतु या पुस्तकातील भारतीय घर बाहेरून पाहिलेले आहे. त्यात दुःख दिसते. चुलीपुढे बसलेल्या बाईचा स्वभाव, तिचा हट्ट, तिचा विनोद दिसत नाही. रोजचे जीवन येथे पुराव्यादाखल येते, बोधाचे साधन म्हणून येत नाही.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची 'स्मृतिचित्रे' ठेवली म्हणजे फरक ध्यानात येतो. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता. लक्ष्मीबाई मात्र पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सांभाळले, आपले पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांचा बदल वादविवादाने झाला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात रोजच्या खाण्यापिण्याच्या अडचणींतून वाढत गेला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त हे सारे स्वतःवर हसत हसत सांगितले आहे. धर्मांतराची कथा असूनही हे पुस्तक मराठी वाचकाला परके वाटले नाही, याचे रहस्य या दृष्टीत आहे.

टिळकांनीही ख्रिस्ती आशयाला अभंग, ओवी आणि कीर्तन यांचे मराठी रूप दिले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारी चाकरीतून मुक्त होऊन 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. मिशनऱ्यांनी मालक न होता भाऊ व्हावे, ही त्यांची अपेक्षा होती. ज्ञान देणारा वर आणि घेणारा खाली, ही रचना असेपर्यंत दृष्टांत रुजत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे कार्य प्रामुख्याने नगर परिसरात घडले. त्यांची पदे मात्र मराठी प्रार्थनामंदिरांच्या उपासनेत कायमची सामावली आणि वऱ्हाडच्या ख्रिस्ती समाजाचीही झाली.

८. मर्यादा आणि समांतर प्रवाह

वऱ्हाडात ख्रिस्ती समाज संख्येने अल्पच राहिला. विहिरीवरील दृष्टांत ज्यांना सर्वांत अधिक लागू होता, त्या अस्पृश्य समाजाने अखेरीस निराळी वाट निवडली. अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न १९२७ मध्ये ऐरणीवर आला. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर वऱ्हाडातील महार समाज मोठ्या प्रमाणात बौद्ध झाला. ख्रिस्ती मिशनांविषयी लिहिताना डॉ. आंबेडकरांनी त्यांची शिक्षण व आरोग्यसेवा नाकारली नाही. परंतु धर्मांतरितांमधील जातिभेद मोडण्यात मिशने कमी पडली, हे त्यांनी परखडपणे दाखविले. दृष्टांताने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर संस्थेच्या व्यवहारात पुरेसे मिळाले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

याच काळात रोजच्या जीवनातून अध्यात्म सांगणारा एक थोर पुरुष याच मातीत वावरत होता. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखण्यात व शेतीत गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. दिवसा खराट्याने गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांची मने झाडावयाची, ही त्यांची रीत. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी हेच त्यांच्या धर्माचे सार होते. लूकच्या शुभवर्तमानात हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत आहे. दोन्हींतील साम्य लक्षवेधी असले तरी त्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. गाडगेबाबांची मुळे वारकरी परंपरेत आहेत. साम्याचे कारण सोपे आहे : गरिबाच्या घरात ज्या वस्तू असतात त्यांतूनच गरिबाशी बोलता येते.

कुष्ठसेवेतही असाच शेजार दिसतो. अचलपूरजवळील कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवनाचा आरंभ केला. प्रेरणा भिन्न होत्या. ज्या जखमेवर पट्टी बांधली गेली ती एकच होती.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) रोजच्या जीवनातून आध्यात्मिक बोध घेण्याची पद्धत वऱ्हाडात ख्रिस्ती धर्माच्या आगमनापूर्वीच प्रस्थापित होती. ख्रिस्ती दृष्टांताला तयार श्रोता मिळाला तो या परंपरेमुळे.

२) दृष्टांत एका भूमीतून दुसऱ्या भूमीत नेताना शब्दांचे भाषांतर पुरेसे नसते. तिफणीने पेरणाऱ्या आणि भाकर खाणाऱ्या समाजात पेरणीचा व खमिराचा अर्थ नव्याने शोधावा लागतो. विहीर आणि वाटणी यांच्या कथा मात्र थेट पोहोचतात.

३) भाषिक सर्वेक्षणातील उधळ्या पुत्राचा वऱ्हाडी नमुना हा बोलीभाषेच्या अभ्यासाइतकाच सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासालाही उपयुक्त आहे. स्थानिक महाविद्यालयांतील भाषा व इतिहास विभागांनी त्याचा एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे.

४) दुष्काळातील सेवेचे मूल्यमापन केवळ हेतूवरून किंवा केवळ संख्येवरून करता येत नाही. वाचलेल्या माणसाला पुढे कोणते स्थान मिळाले, हा त्याचा अधिक न्याय्य निकष होय.

५) मराठी ख्रिस्ती साहित्यातील टिकाऊ भाग तोच ठरला, जो घराच्या आतून लिहिला गेला. लक्ष्मीबाई टिळकांचे लेखन हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

दृष्टांत सांगणाऱ्याला तो स्वतःही लागू होतो. पाणवठ्याची कथा सांगणाऱ्या संस्थेला तिच्या स्वतःच्या अंगणातील पाणवठ्याविषयी लोक विचारतात आणि भाकरीची कथा सांगणाऱ्याकडे भाकरीचा हिशेब मागतात. वऱ्हाडच्या इतिहासात ख्रिस्ती बोधपरंपरा जेथे या प्रश्नांना सामोरी गेली तेथे ती लोकजीवनाचा भाग झाली. जेथे तिने ते टाळले तेथे ती बंगल्याच्या आवारातच राहिली. ही कसोटी अर्थातच एका धर्मापुरती मर्यादित नाही.